कॅराव्हॅनच्या ॲल्युमिनियम चाकांवरचे खड्डे: बफिंगच्या आधी जागा बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला, फोटोही मोठे करून बघितले. म्हणजे मामला असा की मिनीबसच्या चेसिसवर बांधलेली सेकंडहँड कॅराव्हॅन घेतली, पुढची दोन आणि मागची बाहेरची दोन चाकं ॲल्युमिनियमची, मागची आतली दोन स्टीलची. आधीच्या मालकाकडे ती दिंडोरीला द्राक्षबागेच्या कडेला दोन हंगाम उभीच होती, तुम्ही घेतल्यावर दापोली-गुहागर फिरून आलात, आणि आता चाकांवर पांढरी भुकटी, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेनं लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली वळवळत गेलेल्या बारीक रेषा. मागचं डावं चाक आठवडाभरात हवा सोडतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा एक जण म्हणाला बफिंग मारून आरसा करून देतो, मित्रानं टॉयलेट क्लीनर सुचवला, आणि तुम्ही विचारताय की पॉलिश, पावडर कोटिंग का सरळ नवीन चाकं.

माझं नाशिकमध्येच अंबडला चाकांचंच काम आहे, रिम सरळ करणं, पॉलिश, रंग, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. दादा, तुम्ही सगळा प्रश्न चमक गेली म्हणून लिहिलाय आणि हवा जाते हे शेवटी जाता जाता टाकलंय. माझ्यासाठी ते उलटं आहे. चाकावरचा खड्डा किती मोठा आहे हे मी नंतर बघतो, तो चाकाच्या कुठल्या जागेवर आहे हे आधी. तोंडावरचा खड्डा डोळ्याला खुपतो पण त्यानं काही बिघडत नाही. टायर जिथं बसतो तिथला खड्डा हवा सोडतो. आणि नट जिथं आवळला जातो किंवा चाक हबला (एक्सलच्या टोकाला चाक बसतं त्या भागाला) जिथं टेकतं तिथला खड्डा तुम्हाला कसारा घाटात महागात पडू शकतो. बफिंगवाला फक्त पहिली जागा बघणार कारण त्याला दिसते तीच, त्यात त्याची चूक नाही, त्याला कामच तेवढं दिलंय.

आता हे होतं कसं ते थोडं समजून घ्या, नाहीतर पैसे घालून पुढच्या पावसाळ्यानंतर परत तेच. ॲल्युमिनियम गंजत नाही असं लोक म्हणतात, ते अर्धं खरं आहे. हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप येतो, काही नॅनोमीटरचा, आणि तोच त्याचं चिलखत. ओरखडा पडला तरी लगेच नवा थर येतो. पण हा थर साधारण पीएच ४ ते साडेआठच्या दरम्यानच टिकतो, त्याच्या खाली ॲसिड त्याला विरघळवतं, वर गेलं की कॉस्टिक, चुना, वॉशिंग सोडा हे विरघळवतात. आणि या मधल्या सुरक्षित पट्ट्यातसुद्धा एक जण त्याला भोक पाडतो, तो म्हणजे क्लोराइड, मीठ. मीठ एका ठिकाणी थर फोडतं, तिथं ओल साचते, आणि त्या बारीकशा भोकाच्या आतलं पाणी हळूहळू आपोआप आम्लधर्मी होत जातं. वरून पांढऱ्या भुकटीचं झाकण बसतं. म्हणजे आत चालू आणि बाहेरून बंद. दाताच्या किडीसारखं, तोंड टाचणीएवढं आणि आत पोकळी मोठी. म्हणून नुसती वरची भुकटी पुसून, चकचकीत करून वर लॅकर मारला तर आतलं मीठ आणि ओल तिथंच राहते आणि काम चालू राहतं.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मला तीन जण खाताना दिसतायत. एक कोकणातलं मीठ, ते तर उघड आहे. समुद्राकाठी गाडी पाण्यात घालायचीही गरज नाही, वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार पुरतात, आणि तुम्ही तर लिहिलंय की वाळूपर्यंत नेली होती. ओली वाळू चाकाच्या आतल्या बाजूला, बॅलन्सिंगच्या वजनांच्या मागं, बसून राहते आणि घरी आल्यावर आपण धुतो फक्त बाहेरची बाजू.

दुसरा आपल्या नाशिकचा खास, आणि याच्याबद्दल बाहेरगावचा कोणी तुम्हाला सांगणार नाही. बोर्डो. द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण मारतात, ऑक्टोबर छाटणीनंतर तर सारखंच चालू असतं, आणि ब्लोअरनं मारलं की वाऱ्यानं शेजारी उभ्या गाडीवर येणारच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तुमच्या घरी शेती असेल तर माहीत असेल, बोर्डो बरोबर जमलंय का बघायला त्यात लोखंडी विळा बुडवतात आणि त्याच्यावर तांबूस थर आला की अजून चुना लागेल म्हणतात. लोखंडावर तांबं चढतं तसंच ॲल्युमिनियमवरही चढतं, उलट जास्त जोरात. म्हणजे चाकावर जिथं जिथं थेंब वाळला आणि नंतर दवानं ओला झाला, तिथं तांब्याचे सूक्ष्म ठिपके बसतात, आणि तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमचा बळी जातो. नीट जमलेल्या बोर्डोत मोकळं तांबं कमी असतं हे खरं, पण मग वर चुना असतोच, आणि चुनाही ॲल्युमिनियमला चालत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत चाकाच्या वरच्या अर्ध्या भागात खड्डे शिंपडल्यासारखे आहेत आणि खालच्या भागात कमी, गाडी एकाच जागी उभी असताना वरून पडलेल्या फवाऱ्याचं असं होतं. मिठाचं असतं तर गोल सगळीकडं आणि आतल्या कडेला जास्त दिसलं असतं. शंभर टक्के म्हणत नाही, फोटोवरून सांगतोय, पण मला तरी तसं वाटतंय.

तिसरा स्टील. मागची बाहेरची ॲल्युमिनियमची चाकं आतल्या स्टीलच्या चाकाला घट्ट टेकतात, मध्ये ओल गेली की तिथंही तेच, दोन वेगळे धातू आणि पाणी. काठावर ठोकलेली लोखंडी क्लिपची बॅलन्सिंग वजनं असतील तर त्यांच्या खाली हमखास खाल्लेलं सापडतं. वजन काढलं की त्याच्या आकाराचा खड्ड्यांचा पट्टाच दिसतो.

लॅकरखालच्या वळवळत्या रेषांचं वेगळं आहे. दगड लागून किंवा टायर बदलताना लिव्हर लागून लॅकरचा टवका उडतो, तिथून ओल आत शिरते आणि दोऱ्यासारखी पुढं पुढं सरकत जाते, पुढचं टोक खात जातं आणि मागं पांढरी भुकटी सोडतं. हे बहुतेक वेळा खोल नसतं, पण दिसायला सगळ्यात वाईट, आणि त्याच्यावरून नुसता नवा लॅकर मारून काही उपयोग नाही, जुना सगळा काढावाच लागतो.

टॉयलेट क्लीनरबद्दल स्पष्ट सांगतो, नको. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे ॲसिड आणि क्लोराइड दोन्ही एकदम, जे टाळायचं तेच हातानं ओतायचं. पहिल्या मिनिटाला भुकटी जाते आणि चाक पांढरंशुभ्र दिसतं म्हणून लोक खूश होतात, पण ती सफेदी म्हणजे खाल्ला गेलेला पृष्ठभाग. आपल्याकडच्या काही वॉशिंग सेंटरला कॉस्टिकवाला फोम मारतात, इंजिन आणि चेसिसचं ग्रीस काढायला तो भारी, पण ॲल्युमिनियमवर पडला की बुडबुडे येतात, तो हायड्रोजन असतो, आणि चाक काळपट पडतं. गाडी धुवायला देताना चाकाला साधा शाम्पू वापर एवढं तोंडानं सांगा, आणि तिथं उभे राहा. आणखी एक, चाकं चमकवायचं म्हणून विनानावाच्या कॅनमध्ये काही लिक्विड मिळतात ज्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. त्याच्या वाटेला जाऊच नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. एक, तुमची चाकं ओतीव आहेत का फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेली. ट्रक-बसच्या साइजची चांगली चाकं बहुतेक फोर्ज्ड असतात, ॲल्युमिनियमचं फोर्ज्ड ट्रक व्हील अल्कोआनं १९४८ मध्येच आणलं होतं, पण मिनीबसच्या साइजमध्ये बाजारात ओतीव मॅगव्हील भरपूर. चाकाच्या मागं किंवा तोंडावर शिक्का असतो, कंपनी, साइज, जास्तीत जास्त लोड, बनवल्याची तारीख. तो वाचा आणि लिहून ठेवा. शिक्काच नसेल किंवा लोडचा आकडा तुमच्या कॅराव्हॅनच्या वजनाला पुरत नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ती चाकं बदला. आत पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस सगळं भरून गाडी वजनकाट्यावर एकदा घालाच, पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वेगवेगळं वजन घ्या. कॅराव्हॅन बांधणारे वजन सांगतात ते बऱ्याचदा रिकाम्या गाडीचं असतं.

दुसरं, वर लॅकर आहे का उघडा धातू. पांढऱ्या फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घ्या आणि आडबाजूला चोळा. फडकं काळं झालं तर उघडा धातू, नाही झालं तर वर लॅकर आहे. तुमच्या फोटोतल्या रेषा बघता लॅकर आहेच, निदान काठाला तरी, पण चारही चाकं वेगवेगळी तपासा, सेकंडहँड गाडीत एखादं चाक कधी बदललेलं असतं ते कळत नाही.

आता हवा जाणारं चाक. आधी स्वस्तातलं बघा. मागच्या जोडचाकाला व्हॉल्व्हचं एक्स्टेन्शन असेल तर निम्म्या वेळा तिथूनच जाते, ते काढून साबणाचं पाणी लावा. मग व्हॉल्व्हचं बूड, तिथंही खातं, पितळेचा व्हॉल्व्ह सरळ ॲल्युमिनियमच्या भोकात बसवला असेल तर तिथं पुन्हा तांब्याचीच गोष्ट, म्हणून निकेल चढवलेला व्हॉल्व्ह घेतात. तिथं काही नसेल तर टायर उतरवावा लागेल. चाक जमिनीवर आडवं टाकून काठाच्या खाचेत साबणपाणी ओतलं की बारीक फेस एखाद्या कमानीएवढ्या भागातून येताना दिसतो, खडूनं तिथं खूण करा आणि मगच टायर काढा, नाहीतर नंतर कुठून जात होती ते शोधत बसाल. पंक्चरवाला तुम्हाला म्हणेल की साहेब, ट्यूब टाकून देतो, झंझट मिटेल. ट्यूबलेसच्या चाकात ट्यूब टाकली की हवा थांबते पण खाणं थांबत नाही, आणि उद्या चाकाला तडा गेला तर हवा जाऊन जो इशारा मिळाला असता तोही मिळणार नाही.

टायर निघाला की बीड, म्हणजे टायरची आतली कडक कड, बसते ती जागा नीट बघा. खाल्लेली असेल तर तिथं राखाडी-पांढरे पापुद्रे चिकटलेले असतील, त्यात टायरचं काळं रबरही रुतलेलं असतं. हे लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग स्कॉच-ब्राइटच्या पॅडनं पाण्याखाली घासा. लोखंडी वायर ब्रश ग्राइंडरला लावून मारू नका, त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, आठ दिवसांनी तिथं तांबूस ठिपके दिसतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे नवा खड्डा. साफ झाल्यावर नखाचं टोक त्या जागेवरून फिरवा. नख नुसतं खरखरलं तर बीड सीलर लावून टायर चढवता येतो. नख अडकत असेल, आणि खड्डे एकमेकांना जोडून काठाच्या आरपार वाट झाली असेल, तर सीलरवर भागत नाही. तिथं कोणी लेथवर एक कट मारून देतो म्हटलं तर नको, बीडच्या जागेचा व्यास ठरलेला असतो, तो कमी झाला की टायर सैल बसतो. एपॉक्सी भरून तर अजिबात नको. तेवढं चाक रद्द.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची जागा, जी पॉलिशवाला बघतही नाही. चाक हबला टेकतं तो सपाट भाग आणि नटांची भोकं. इथं भुकटी, गंजाचा पापुद्रा, जुना रंग काहीही असेल तर नट टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळला तरी तो दाब त्या पापुद्र्यावर येतो. चार दिवस चालवलं की पापुद्रा दबतो, नट सैल. म्हणून ही जागा पार धातूपर्यंत साफ, कोरडी आणि सपाट पाहिजे. स्टीलची पट्टी उभी ठेवून मागून मोबाईलचा टॉर्च धरा, उजेड कुठून जास्त येतो ते लगेच कळतं. नटाच्या भोकाची कड अंडाकृती झाली असेल किंवा भोकापासून केसासारखी रेष निघाली असेल तर पुढचा विचार नाही. शंका असेल तर डाय पेनेट्रंट मारून घ्या, आपल्याकडं सातपूर-अंबडमध्ये वेल्डिंग तपासणारे हे रोज करतात. लाल द्रव मारायचा, थोडा वेळ ठेवून पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, तडा असला की लाल रेष वर येते. खड्डा असला तर लाल ठिपका येतो, रेष नाही, एवढा फरक लक्षात ठेवा. आणि तडा निघाला तर कोणी कितीही छान आर्गन वेल्डिंग करत असला तरी करून घेऊ नका. ही चाकं हीट ट्रीटमेंट करून मजबूत केलेली असतात, वेल्डिंगनं बाजूचा भाग मऊ पडतो, वरून दिसत काहीच नाही.

हे सगळं पार झालं की मग तोंडावरच्या खड्ड्यांकडं या. इथं मी गिऱ्हाईकाला एकच प्रश्न विचारतो, तुम्हाला आरसा पाहिजे का स्वच्छ चाक पाहिजे. कारण खड्डा भरून येत नाही, त्याच्या बुडापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणावा लागतो. बफिंगनं ते होत नाही. बफ खड्ड्याच्या कडा गोल करतो, उन्हात धरलं की लाटा दिसतात आणि मध्ये काळा ठिपका तसाच, कारण पॉलिशची वडी जाऊन बसते त्यात. खड्डे जायचे असतील तर ते कामच घासायच्या वॉटर पेपरचं आहे.

करायची पद्धत सांगतो, घरी करणार असाल तरी आणि कोणाकडून करून घेणार असाल तरी, निदान तो काय टाळतोय ते कळेल. आधी भरपूर गोडं पाणी, आत, बाहेर, भोकांत, आणि एकदा नाही, धुवा, वाळू द्या, परत धुवा, म्हणजे खड्ड्यांत बसलेलं मीठ विरघळून बाहेर येईल. मग लॅकर असेल तर पेंट रिमूव्हरनं काढा, पण डब्यावर ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं बघून घ्या, काही रिमूव्हर कॉस्टिकचे असतात. मग एका हातभर भागावर परमनंट मार्करनं सगळीकडं शाई फासा. ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, एकाच दिशेनं घासा. सपाट भागावरची शाई लगेच जाते, खड्ड्यातली राहते. किती ठिपके राहिले ते मोजायची गरज नाही, नुसतं बघा, ते कमी होतायत का. थोड्या घासण्यात निळे ठिपके विरळ झाले तर खड्डे उथळ आहेत, पूर्ण काढता येतील. हात भरून आला तरी ठिपके तसेच असतील तर थांबा, ते खोल आहेत, त्यांच्या मागं लागून धातू पातळ करत बसण्यात अर्थ नाही. काठाच्या ओठावर आणि नटांच्या भोवती तर मुळीच नाही, तिथं राहू द्या ठिपके.

उथळ असतील तर ३२० नंतर ४००, ६००, ८००, १०००, १५००, आणि प्रत्येक वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण गेल्या का ते दिसतं. एक नंबर गाळला की शेवटी बफिंगला ती रेष वर येते आणि मग परत मागं जावं लागतं, इथंच कारागिराची खरी परीक्षा असते आणि इथंच तो वेळ वाचवतो. त्यानंतर कापडी बफवर तपकिरी वडी, मग वेगळ्या बफवर पांढरी. वेगळा बफ म्हणजे खरंच वेगळा. द्वारकेवाल्याला एवढंच विचारा की हाच बफ स्टीलच्या सायलेन्सर पाइपला वापरता का, हो म्हणाला तर नवीन बफचे पैसे तुम्ही द्या. आणि घरी करत असाल तर कोरडं घासू नका, ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, आणि जिथं ती साठलीय तिथं लोखंड ग्राइंड करून ठिणग्या पाडू नका. मास्क लावा.

चमक आली की ती टिकवायची कशी याच्यावर लोक भांडतात. माझं मत असं आहे. उघडं पॉलिश ठेवलं तर ते सुंदर दिसतं, आणि खराब झालं तर लगेच दिसतं, परत हातानं चोळता येतं, पण त्याच्या मागं नियमित लागावं लागतं. तुमची गाडी महिन्यातले बहुतेक दिवस उभी असणार, कोकणातही जाणार, तुम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी चाक चोळणार आहात का हे स्वतःला विचारा. लॅकर मारला तर देखभाल कमी, पण आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो नीट धरत नाही, टवका उडाला की परत त्या वळवळत्या रेषा. खड्डे खोल असतील आणि ठिपके ठेवायचेच असतील तर आरशाचा नाद सोडा, बारीक ब्लास्टिंग करून (हवेच्या दाबानं बारीक कण मारून), प्रायमर मारून सिल्व्हर किंवा ग्रे रंग द्या, ठिपके रंगात झाकले जातात, आणि कमी तापमानाला सुकणारा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मला यासाठी बरा वाटतो.

पावडर कोटिंग दिसायला आणि टिकायला भारी आहे, पण ते साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात. चाकाची ताकद ज्या हीट ट्रीटमेंटवर असते तिचा शेवटचा टप्पा ओतीव चाकांत १५० ते १७० अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे त्याच्या वर जास्त वेळ भाजलं, किंवा रंग बिघडला म्हणून दोनदा-तीनदा भाजलं, तर धातू मऊ पडायला लागतो. कारच्या चाकाला लोक करतात, नियंत्रित भट्टीत वेळ पाळून एकदा केलं तर चालूनही जातं, पण भरलेल्या कॅराव्हॅनच्या चाकाला मी करत नाही, आणि करायचंच असेल तर चाकाच्या कंपनीची परवानगी आहे का ते आधी बघा. कोणताही कोट असो, हबला टेकणारा भाग, नटांच्या जागा आणि जोडचाकं एकमेकांना टेकतात तो भाग टेप लावून कोरा ठेवायला सांगा. तिथला जाड रंग म्हणजे पापुद्र्याचाच भाऊ.

परत बसवताना आतल्या स्टीलच्या चाकाचा गंजही काढा, तो तसाच ठेवून बाहेरचं चकचकीत करण्यात काही हशील नाही. मध्ये कोणी रबराची शीट कापून घालतो म्हणाला तर नको, दाब टिकत नाही. हबच्या गोल उंचवट्यावर ग्रीसचा पातळ हात चालतो, सपाट भागावर आणि नट टेकतो तिथं नाही. ॲल्युमिनियमचं चाक स्टीलपेक्षा जाड असतं, तेव्हा स्टड (ज्यांवर नट चढतात ते हबचे बोल्ट) पुरेसे लांब आहेत का, नट पूर्ण थ्रेडवर बसून बाहेर थोडा स्टड दिसतोय का ते बघा, आधीच्या मालकानं चाकं बदलली असतील आणि स्टड जुनेच ठेवले असतील तर हे निघू शकतं. टॉर्क गाडीच्या पुस्तकातला, टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे नट घेत, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा. इगतपुरीपर्यंत जाऊन आलात की जवळपास तेवढं होतं. बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची लावून घ्या, लोखंडी क्लिप नको.

इथून पुढं सांभाळणं फार अवघड नाही. कोकणातून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकं आतून-बाहेरून धुवा, रस्त्यात माणगाव-महाडला कुठं थांबून पाइप मिळाला तर अजून उत्तम. घाट उतरून आल्यावर तापलेल्या चाकावर काही मारू नका, आधी गार होऊ द्या. वॅक्स लावत असाल तर साधं कार्नौबा वॅक्स साधारण ८० ते ८५ अंशांना वितळतं, ब्रेक तापले की ते निघूनच जातं, त्यापेक्षा सिंथेटिक सीलंट बरं. पार्किंगमध्ये ताडपत्री चाकांपर्यंत ओढून बांधू नका, आत ओल कोंडते. आणि नातेवाइकाच्या मळ्यात उभी करायची असेल तर बिनधास्त करा, पण फवारणी कधी आहे ते विचारून त्या दिवशी चाकांवर गोणपाट टाका किंवा गाडी बांधाच्या दुसऱ्या बाजूला घ्या, आणि थेंब पडलेच तर वाळायच्या आत धुऊन टाका.

नवीन चाकं कधी, तर तडा, अंडाकृती भोक, आरपार खाल्लेली बीडची जागा, किंवा लोडचा आकडा अपुरा, यातलं काहीही एक असेल तर ते चाक बदला. बाकी तुमच्या फोटोतलं जे दिसतंय त्यावरून तीन चाकं वाचतील असं मला वाटतं, मागच्या डाव्याचं टायर काढल्याशिवाय बोलत नाही. आणि पैसे मर्यादित असतील तर सगळी चारही ॲल्युमिनियमची पाहिजेत असा हट्ट धरू नका. योग्य लोडची साधी स्टीलची चाकं लावून ऐटीत फिरणाऱ्या कॅराव्हॅन आहेत, फक्त स्टड आणि नट त्या चाकाचे घ्या, आणि एका एक्सलवर दोन्ही बाजूंना सारखंच.

टायर उतरणारच आहे तर त्याच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्काही बघून घ्या, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दोन हंगाम एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर वरून भरपूर नक्षी दाखवतात आणि बाजूच्या भिंतीला, खाली टेकलेल्या भागात, बारीक चिरा असतात. तसे निघाले तर बजेट आधी टायरला लावा, पॉलिश पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. डाव्या मागच्या चाकाचा टायर निघाला की बीडच्या जागेचा आणि नटांच्या भोकांचा उजेडात काढलेला फोटो टाका, बघून सांगतो.